‘गोरा’च्या मनातला भेद कशाने गेला: विचाराने की जन्माच्या उलगड्याने?

वर्धाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात एक जुने सार्वजनिक वाचनालय आहे. तूर सोंगून झाली आणि कापसाचा शेवटचा वेचा घरात आला की लोकांना थोडी सवड मिळते, तेव्हा तिथे वाचकांची बैठक बसते. यंदा आम्ही रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘गोरा’ मराठी अनुवादातून वाचली. ही कादंबरी १९०७ पासून ‘प्रवासी’ या बंगाली मासिकात क्रमशः येत होती आणि १९१० मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली. तिच्यावरून बैठकीत जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही, म्हणून तो येथे मांडत आहे.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गौरमोहन ऊर्फ गोरा हा कोलकात्यातला उंचापुरा, विलक्षण गोऱ्या रंगाचा आणि तितकाच कडवा हिंदू तरुण. तो शेंडी राखतो, गंगास्नान करतो आणि स्पर्शास्पर्शाचे नियम काटेकोर पाळतो. स्वतःच्या आईच्या खोलीत तो जेवत नाही, कारण आनंदमयीला लछमिया नावाच्या ख्रिस्ती मोलकरणीच्या हातचे पाणी चालते. लहानपणी गोराला देवी निघाल्या होत्या तेव्हा याच लछमियाने शुश्रूषा करून त्याला वाचवले होते. आई तशी आठवण करून देते, तेव्हा तो म्हणतो की तिला पेन्शन दे, जमीन घेऊन दे, घर घेऊन दे, पण तिला घरात ठेवू नकोस. उपकार त्याला मान्य आहेत आणि त्यांची किंमत मोजायचीही त्याची तयारी आहे. फक्त तिच्या हातचे पाणी त्याला नको आहे.

अखेरीस वडील कृष्णदयाल गंभीर आजारी पडतात आणि गोराला कळते की तो त्यांचा मुलगाच नाही. १८५७ च्या धामधुमीत इटाव्याला त्यांच्या घरी आसऱ्याला आलेल्या, एका आयरिश माणसाच्या बायकोच्या पोटी तो जन्मला आणि ती बाई बाळंतपणातच गेली. ज्या धर्माच्या दारावर तो आयुष्यभर पहारा देत होता, त्या दाराच्या आत पाऊल टाकण्याचा अधिकार जन्माने त्याला नव्हताच. त्यानंतर तो आनंदमयीकडे येतो आणि लछमियाला बोलावून पेलाभर पाणी आणायला सांग, असे म्हणतो.

माझा प्रश्न असा आहे. हे रहस्य उघड झाले नसते तर गोराने लछमियाच्या हातचे पाणी मागितले असते का? मला वाटते, नसते मागितले. पोलिसांशी झालेल्या झटापटीपायी तो तुरुंगात गेला होता आणि सुटल्यावर तिथल्या विटाळाच्या प्रायश्चित्ताची तयारी करत होता आणि ते ठरल्याप्रमाणे पार पडले असते. मग या शेवटाला मनाचे परिवर्तन म्हणावे, की केवळ परिस्थितीने केलेली नाइलाजाची गोष्ट म्हणावे?

दारव्ह्याचे मास्तर

उत्तम प्रश्न आहे. परंतु शेवटाकडे जाण्याआधी हा भेद गोराच्या मनात शिरला कसा, हे पाहिले पाहिजे, कारण तो त्याला वारशाने मिळालेला नाही.

गोरा सुरुवातीला मूर्तिपूजा आणि जातिभेद नाकारणाऱ्या ब्राह्मसमाजाकडे ओढला गेलेला तरुण आहे. तो त्या समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांची व्याख्याने ऐकतो आणि घरी आलेल्या पंडितांशी वाद घालतो. वळण येते ते एका इंग्रज मिशनऱ्यामुळे. हा मिशनरी वृत्तपत्रातून हिंदू शास्त्रांवर आणि समाजावर कठोर टीका करतो आणि लोकांना वादाचे आव्हान देतो. गोरा स्वतःही त्याच शास्त्रांवर टीका करत असे, पण परक्याने केलेली अवहेलना त्याला सहन होत नाही. तो उत्तरे लिहू लागतो. संपादक काही काळाने वाद बंद करतो, तोपर्यंत गोराला त्याची धग लागलेली असते आणि तो हिंदुधर्माच्या समर्थनार्थ इंग्रजीतून पुस्तकच लिहायला बसतो. दुसऱ्याला पटवण्यासाठी रचलेले युक्तिवाद हळूहळू त्यालाच पटत जातात.

या मानसिक संघर्षाचे मूळ इथे आहे. अपमान झालेल्या माणसाला आपल्या समाजातले चांगले आणि वाईट वेगळे करून दाखवण्याची मुभा उरत नाही, कारण एखादी गोष्ट वाईट म्हणून मान्य केली की ती शत्रूच्या हाती जाते असे त्याला वाटू लागते. म्हणून तो सगळ्याचेच समर्थन करतो आणि ज्या रूढीवर त्याचा स्वतःचा विश्वास डळमळीत असतो, ती रूढी तो अधिक कडकपणे पाळतो. गोराचा सोवळेपणा घृणेतून आलेला नाही, तो दुखावलेल्या स्वाभिमानातून आला आहे. पण लछमियाच्या बाजूने पाहिले तर या दोहोंत काडीचाही फरक पडत नाही, आणि तिच्या बाजूने पाहायला गोराला सारी कादंबरी लागते.

शाळेत मुलांना शिकवताना मला हे पुन्हापुन्हा दिसले आहे. ज्या मुलाला बोलीवरून किंवा कपड्यांवरून हिणवले गेले, तोच मुलगा पुढे आपल्याहून दुबळ्या मुलाला नियम सांगण्यात सर्वांत पुढे असतो.

कास्तकार

मास्तरांचे विश्लेषण पटले, तरी गोराची एक बाजू येथे मांडली जात नाही असे मला वाटते. तो भेद पाळतो हे खरे. पण तो तसा का पाळतो, हे तो स्वतः सांगतो. त्याला देशातल्या अडाणी, कर्जबाजारी, नियमांनी जखडलेल्या माणसांबरोबर एक व्हायचे आहे. वर उभे राहून त्यांना सुधारू पाहणाऱ्यांचा त्याला संताप येतो, कारण त्या सुधारणेत प्रेमापेक्षा तुच्छता जास्त आहे हे त्याला दिसते. लोकांचे सुख माझे, तसे त्यांचे दोषही माझे, अशी त्याची भूमिका आहे.

गावात राहणाऱ्याला ही भूमिका लगेच कळते. माझ्या आजोबांच्या काळी आमच्या गावच्या भंडाऱ्यात पंगती वेगळ्या बसत. आजोबांना ते मनातून पसंत नव्हते, घरी ते तसे बोलूनही दाखवत. परंतु पेरणीला शेजाऱ्याची बैलजोडी लागे, लेकीच्या लग्नाला भाऊबंद लागत आणि मयताला खांदा देणारे लागत. पंगतीतून उठून जाणे म्हणजे या सगळ्यातून उठून जाणे होते. शहरातला माणूस मत बदलतो आणि संध्याकाळी नव्या मित्रांत जाऊन बसतो. खेड्यातल्या माणसाला मत बदलल्यावरही त्याच चावडीसमोरून जावे लागते. गोराची घुसमट या प्रकारची आहे. त्यामुळे ‘भेद करणारा’ एवढ्या दोन शब्दांत त्याला संपवू नये, ही विनंती.

वर्धाकाठ

कास्तकारभाऊ, त्याला संपवायचा माझा हेतू नाही, मलाही तो अतिशय प्रिय आहे. पण तुमच्या आजोबांना जे मनातून पटत नव्हते ते ते घरी तरी बोलत होते. गोरा घरातच, आणि तेही आईशी, कठोर होतो. तिथे कोणती चावडी आडवी येत होती?

अचलपूरकर

या चर्चेत चरघोषपूरचा प्रसंग कोणीच कसा काढला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. माझ्या मते कादंबरीचे काळीज तिथे आहे.

गोरा पायी खेड्यांत हिंडत असताना रमापती या सोबत्यासह मुसलमान रयतेच्या एका गावात येतो. गावात हिंदूंचे एकच घर आहे आणि ते न्हाव्याचे आहे. निळीच्या कोठीवाल्यांशी झालेल्या तंट्यात फरू सरदार हा गावचा माणूस तुरुंगात गेला आहे आणि त्याचा मुलगा तमिज याला न्हाव्याने आपल्या घरी सांभाळले आहे. मुसलमानाचे पोर घरात वावरते म्हणून रमापतीला तिथले पाणी चालत नाही. गोराही न्हाव्याला बोल लावतो, तेव्हा न्हावी सांगतो की आम्ही हरी म्हणतो आणि ते अल्ला म्हणतात, बाकी काही फरक नाही.

मग दोघे तळपत्या उन्हात तहानलेले चालत माधव चाटुज्जे या ब्राह्मणाकडे जातात. हा माणूस कोठीच्या कचेरीतला आहे आणि याच गावावर जुलूम करणाऱ्यांपैकी आहे. त्याच्या दारात गोराच्या मनात प्रश्न उभा राहतो, की गरिबांना छळणाऱ्याच्या घरी जेवून माझी जात राहते आणि छळलेल्याचे मूल जपणाऱ्याच्या घरी पाणी प्यायलो तर ती जाते, हा कसला धर्म? रमापतीला तिथेच सोडून तो एकटा परत फिरतो.

आता बारकाईने पाहा. न्हाव्याच्या घरी आल्यावर गोरा त्याचा तांब्या मागून घेतो, तो स्वतःच्या हाताने चांगला घासतो, विहिरीतून स्वतः पाणी काढतो आणि मग पितो. तांदूळ-डाळ मागतो तीही स्वतः शिजवून खाण्यासाठी. मनाने तो उंबरठा ओलांडून आला आहे, पण हात अजून तांब्या घासत आहेत. वर्धाकाठ यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला या तांब्यात दिसते. भेद त्याच्या बुद्धीतून आधी निघाला आणि हातातून निघायला पुढची सगळी कादंबरी लागली. त्यामुळे जन्माचे रहस्य कळण्याआधी काहीच घडले नव्हते, हे मला मान्य नाही.

पण मुसलमान वाचक म्हणून एक खंतही सांगतो. फरू सरदार तुरुंगात असल्यामुळे तो आपल्याला दुसऱ्यांच्या तोंडूनच कळतो आणि तमिज हे लहान पोर आहे. ज्यांच्याशी भेद होतो त्यांच्या मनात काय चालते, हे कादंबरी फारसे सांगत नाही, ते आम्हाला आमच्या आयुष्यातून भरावे लागते. महाविद्यालयात असताना मी तालुक्याच्या गावी खोली शोधत होतो. एका काकूंनी ओसरीवर बसवले, चहा दिला, नळ किती वाजता येतो तेही सांगितले. मग नाव विचारले. नाव ऐकल्यावर त्या आत गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या की आमचा भाचा शिकायला येणार आहे, हे लक्षातच राहिले नाही. त्यांचा आवाज गोडच होता आणि नजर खाली होती. बरोबरचा मित्र परतताना म्हणाला की पुढच्या घरी माझे नाव सांग. मी ते सांगितले नाही, पण पुढच्या दारापर्यंत पोहोचेस्तोवर ते सांगावे की नाही हा विचार माझ्या मनात सारखा चालू होता. संघर्ष गोराच्या मनात झाला तसा तो त्या काकूंच्याही मनात झाला असेल. माझ्या मनात तर नक्कीच झाला, आणि त्याला कुठलाही अपराध कारण नव्हता.

प्राजक्त

तांब्याचा तपशील वाचताना माझ्या नजरेतून पूर्ण निसटला होता. आता ते प्रकरण पुन्हा वाचणार आहे. अचलपूरकर, तुमचे मनापासून आभार.

सावली

मी लछमियाविषयी बोलणार आहे, कारण माझी आजी लछमियाच होती असे मला वाटते. आमचे घराणे ख्रिस्ती आहे आणि आजी वऱ्हाडातल्या एका मिशन दवाखान्यात परिचारिका होती. रात्री-अपरात्री आसपासच्या खेड्यांतून बैलगाडी यायची आणि आजी अडलेल्या बाईची सुटका करायला जायची.

बाळंत होणारी बाई आजीचा हात घट्ट धरून ठेवायची आणि तिची सासूही आजीला ‘बाई, तुम्हीच आता देव’ म्हणायची. बाळ रडले की चहा यायचा. काही घरांत आजीसाठी निराळी कपबशी असायची, कान तुटलेली, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेली. आजी चहा पिऊन ती कपबशी स्वतः विसळायची आणि पालथी घालून त्याच कोनाड्यात ठेवायची. ती गेल्यावर खोली धुऊन काढली जायची. अर्थात बाळंतिणीची खोली एरवीही धुतात, त्यामुळे कोण कशासाठी धुते हे विचारायची सोय नव्हती. ज्या हातांनी बाळाला जगात आणले ते हात चालत होते, पण त्याच हातांनी उचललेली कपबशी घरातल्या मांडणीत चालत नव्हती.

आजीला राग येत असे का, असे मी तिला एकदा विचारले होते. ती म्हणाली की राग कपबशीचा येत नसे. पुढे तीच बाई बाजारात भेटली की ओळख न दाखवता निघून जाई, त्याचा येत असे.

म्हणून मला गोराच्या शेवटाविषयी वेगळी हरकत आहे. गोरा लछमियाला बोलाव म्हणतो, पाणी मागतो, आणि त्यावर आनंदमयी गोराचा जिवलग मित्र विनय याला बोलावणे पाठवते म्हणते व कादंबरी तिथे संपते. ते पाणी आलेले आपल्याला दिसत नाही. लछमिया दारात येते का, तिचा हात थरथरतो का, इतक्या वर्षांनी ती काय म्हणते, हे काहीच आपल्याला कळत नाही. गोराने ते पाणी कशामुळे मागितले यावर आपण एवढे बोलतो आहोत, तर ते देणारीला काय वाटले असेल, यावरही कोणीतरी बोलावे.

निळाई

सावलीताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहावेसे वाटले नाही. मूळ प्रश्नाला धरून माझे मत मांडते आणि ते थोडे कठोर आहे.

रहस्य कळल्यावर गोरा परेशबाबू या शांत स्वभावाच्या ब्राह्मसमाजी गृहस्थांना सांगतो की आज भारतातल्या उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सगळ्या देवळांची दारे माझ्यासाठी बंद झाली, देशातल्या कोणत्याही पंगतीत माझ्या जेवणाचे पान उरले नाही. आणि हे सांगताना त्याला मुक्त झाल्यासारखे वाटते. आता मी खरा भारतीय झालो, असे तो म्हणतो.

ते वाचताना मला अमरावतीची आठवण होते. ‘गोरा’ पुस्तकरूपाने आली त्यानंतर १७ वर्षांनी, १९२७ मध्ये, अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून अमरावतीत चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख तिच्या अग्रभागी होते आणि त्या वर्षी नोव्हेंबरात तिथे झालेल्या परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवले. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी सर्वांना खुले केले. म्हणजे ज्या दारांविषयी गोरा बोलतो ती आमच्याच जिल्ह्यांत होती आणि तिथे माझे पूर्वज उभे होते. मंदिराचे दार बंद आहे म्हणून त्यांच्यापैकी कोणाला मोकळे वाटल्याचे मी घरात कधी ऐकलेले नाही. गोराला मोकळे वाटते, कारण आतमध्ये राहून त्याने ज्या भिंती सांभाळल्या होत्या त्यांचा भार त्याच्या खांद्यावरून उतरला. बाहेर जन्मलेल्यांच्या खांद्यावर भार निराळा होता.

दुसरी गोष्ट. गोरा आपल्या धर्मातून बाहेर पडत नाही, तो बाहेर असल्याचे त्याला कळते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली, त्यात माझे आजी-आजोबा होते. त्यांना कोणी येऊन सांगितले नव्हते की तुमचा जन्म वेगळा आहे. त्यांनी विचार केला आणि निर्णय घेतला. त्यामुळे धागाकर्त्यांच्या शंकेत मला तथ्य वाटते. ज्या गोष्टीसाठी आमच्या माणसांना जाणतेपणी सर्व सोडावे लागले, ती गोराला एका संध्याकाळी माहितीच्या रूपाने मिळाली. लेखकाने त्याची ही सुटका थोडी सोपी केली, असे माझे म्हणणे आहे.

कास्तकार

निळाईताई, तुमच्या पहिल्या मुद्द्यापुढे मी नम्र आहे. दुसऱ्याविषयी मात्र एवढेच म्हणेन की सुटका सोपी झाली असे मला वाटत नाही. आई, वडील, देश, जात आणि धर्म एकाच क्षणी हातून जाणे ही साधी गोष्ट नव्हे.

नलिनी

थोडे अवांतर वाटेल, पण ते विषयाला सोडून नाही. भेद फक्त गोराच करतो असे नाही. परेशबाबूंनी वाढवलेली सुचरिता गोराला आवडते, तिची मावशी हरिमोहिनी पाहा. वैधव्य, सासरच्यांनी केलेली लुबाडणूक, मग तीर्थाटन आणि शेवटी परेशबाबूंच्या घरात आश्रय, असे सगळे भोगून ती आलेली आहे. त्या ब्राह्मघरात परेशबाबूंची बायको बरदासुंदरी तिच्या देवांची अवहेलना करते, तेव्हा आपला जीव तिच्यासाठी तुटतो. आणि हीच हरिमोहिनी हातात थोडा अधिकार येताच सुचरितेला आपल्या आचाराच्या साच्यात कोंबू पाहते, तिचे लग्न आपल्या दिराशी लावण्याची खटपट करते.

दुसरीकडे मूर्तिपूजा आणि जातिभेद सोडल्याचा अभिमान बाळगणारे ब्राह्मसमाजी हारानबाबू पाहा. परेशबाबूंची मुलगी ललिता आणि विनय धर्म न बदलता लग्न करू म्हणतात, तर ब्राह्मसमाजातून परेशबाबूंनाच वाळीत टाकण्यापर्यंत गोष्ट जाते. सुधारक म्हणवणाऱ्यांनीही एक नवे सोवळे उभे केले होते. आमच्याकडे गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्याला सगळे जातात, नवस बोलतात, फेडतात. आणि तीच माणसे गावी परतल्यावर कोणाच्या घरी पाणी प्यावे याचा हिशेब करतात. माणसाच्या मनात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदतात, हे रवींद्रनाथांनी फार नेमके पकडले आहे.

दारव्ह्याचे मास्तर

मूळ प्रश्नावर परत येतो, कारण त्याचे उत्तर कादंबरीतच दडलेले आहे असे मला आता वाटू लागले आहे.

गोराचा जन्म कोणाला ठाऊक होता? कृष्णदयाल आणि आनंदमयी या दोघांना, आणि तोही पहिल्या दिवसापासून. माहिती दोघांना एकच मिळाली. परिणाम काय झाला ते पाहा. कृष्णदयाल तरुणपणी गोऱ्या साहेब लोकांच्या संगतीत खाणेपिणे करणारे, बायकोच्या सोवळ्याची थट्टा करणारे गृहस्थ होते. आनंदमयी काशीच्या एका मोठ्या पंडिताची नात, आचारविचारात वाढलेली. ते पोर घरात आल्यानंतर आनंदमयीने आचार सोडला. मूल छातीशी धरल्यावर तिला कळले की जात घेऊन कोणी जन्माला येत नाही. कृष्णदयाल मात्र उत्तरोत्तर कर्मठ होत गेले, त्यांनी साधनेची वेगळी खोली केली आणि त्या खोलीच्या आसपास ते गोराला फिरकू देत नाहीत. गोराला ते वडिलांचे वैराग्य वाटते. प्रत्यक्षात जी वागणूक तो लछमियाला देतो तीच त्याला स्वतःच्या घरात रोज मिळत असते, आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

म्हणजे केवळ सत्य कळल्याने माणूस बदलतो हे या कादंबरीलाच मान्य नाही. एकाच सत्याने एक जण उदार झाला आणि एक जण आक्रसला. गोराला ते सत्य कळले तेव्हा तो कृष्णदयालांसारखाही वागू शकला असता. ही गोष्ट बाहेर कोणाला ठाऊक नव्हती. ती लपवून, प्रायश्चित्त उरकून, अधिक कडक सोवळे पाळत तो सुखाने मोठेपणा भोगू शकला असता. अविनाशसारखे त्याचे भक्त तर समारंभाची तयारी करून बसलेच होते. तो आईच्या वाटेने गेला, कारण चरघोषपूरच्या न्हाव्याने, तुरुंगाने, सुचरितेने आणि परेशबाबूंच्या शांत बोलण्याने त्याचे मन आधीच नांगरून ठेवले होते. निळाईताई, ‘माहितीच्या रूपाने मिळाली’ या तुमच्या आक्षेपाला माझे हे उत्तर आहे. माहिती त्याला मिळाली, पण तिचे काय करायचे हा निर्णय त्याचा स्वतःचा होता.

निळाई

सर, कृष्णदयाल आणि आनंदमयी यांची तुलना मला पटली आणि निर्णय गोराचा होता हेही मान्य करते. तरी एक फरक राहतोच. लपवण्याचा पर्याय त्याच्याजवळ होता, हे तुम्हीच सांगितले. लछमियाजवळ तो कधीच नव्हता. अचलपूरकरांनाही दुसऱ्याचे नाव सांगण्याचा मार्ग सुचवला गेला, तो त्यांनी घेतला नाही आणि त्याची किंमत मोजली. मोठेपणा मोजायचाच असेल तर मी गोराच्या आधी तो त्यांच्या खात्यावर मांडीन.

अचलपूरकर

निळाईताई, तुमच्या शब्दांनी संकोचलो. खोली मला नंतर मिळाली. एका निवृत्त शिक्षकांनी नाव ऐकून फक्त एवढेच विचारले की रमजानात पहाटे उठताना गजराचा आवाज किती मोठा असतो, कारण त्यांची झोप सावध होती. त्यांच्या घरी मी शिक्षण संपेपर्यंत राहिलो.

मास्तरांच्या मुद्द्याला एक जोड देतो. गोरा शेवटी परेशबाबूंकडे जो मंत्र मागतो तो हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ब्राह्म या सर्वांच्या देवाचा आहे, ज्याच्या मंदिराचे दार कोणासाठी बंद होत नाही. चरघोषपूरचा न्हावी हेच एका वाक्यात सांगून गेला होता आणि तेव्हा गोराने त्याला दटावले होते. त्या न्हाव्याला कादंबरीत नावही नाही. मला वाटते गोराचा पहिला गुरू तोच आहे.

सावली

न्हाव्याला नाव नाही आणि लछमियाला शेवटचे वाक्य नाही. या दोन रिकाम्या जागांबद्दल मला वाईट वाटते, पण ही कादंबरी १९१० ची आहे आणि मोलकरणीच्या हातच्या पाण्याला तिने शेवटच्या पानावर आणून ठेवले, याचा आदरही वाटतो. मास्तरांचे म्हणणे मला मान्य आहे, फक्त लछमियाने ते पाणी लगेच आणून दिले असेल असे आपण गृहीत धरू नये.

वर्धाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मास्तरांनी दाखवलेली कृष्णदयाल आणि आनंदमयी यांची जोडी आमच्या बैठकीत कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. शेवट नाइलाजाचा आहे या माझ्या म्हणण्याला तिने मोठा धक्का दिला आहे. माझे मत पूर्ण बदललेले नाही. प्रायश्चित्त ठरले होते आणि रहस्य कळले नसते तर ते झालेच असते, हे मला अजूनही खरे वाटते. परंतु त्यानंतरही गोरा स्वस्थ बसला नसता, त्या न्हाव्याच्या घराने त्याला पुन्हा कधीतरी गाठलेच असते, एवढे मी आता मान्य करतो.

पुढच्या रविवारी वाचनालयात चरघोषपूरचे प्रकरण मोठ्याने वाचायचे ठरवले आहे. त्यानंतर पहिल्या प्रकरणांतला तो संवाद वाचू, जिथे गोरा लछमियाला घरात ठेवू नकोस म्हणतो आणि आनंदमयी त्याला विचारते की सगळी ऋणे काय पैशाने फिटतात? सावलीताई, तुम्हाला येणे शक्य असेल तर तो संवाद तुम्ही वाचावा, अशी विनंती आहे. आर्वीहून सकाळची एस. टी. आहे आणि जेवण आमच्या घरी आहे.

सावली

येते. आईलाही बरोबर आणते, आजीच्या गोष्टी तिला माझ्याहून जास्त ठाऊक आहेत.